अडलेलें मळसूत्र

देवगडच्या बाजूला श्रावण लागला म्हणजे हवेंत कोरडेपणा म्हणून उरत नाहीं. वाळत घातलेलें धोतर तिसऱ्या दिवशींही ओलसर लागतें, मिठाच्या बरणीला पाणी सुटतें, आगपेटीची काडी ओढतां तिचें गूल निघून येतें, आणि मोठ्या काळजीनें कणगींत भरून ठेवलेल्या भातालाही दमटपणाची बाधा होते. अशा दिवसांत पेजेचे उकडे तांदूळ संपत आले म्हणून कोणी भाताचें पोतें गिरणीवर नेलें, तर एक प्रसंग पुष्कळदां घडतो. हलर सुरू होतो, पहिल्या एक-दोन पायल्या बऱ्या उतरतात. मग आवाज जड होतो, पट्टा चाकावरून सरकूं लागतो, जळक्या रबराचा वास सुटतो आणि यंत्र जागच्या जागीं थांबतें. गिरणीवाला बटण बंद करतो, पट्टा उतरवून ठेवतो, वरचें झांकण उघडतो आणि लाकडी खुंटीनें आंतला चिकटा खरवडूं लागतो. ओसरीवर आपापल्या पोत्यांना टेकून बसलेलीं माणसें ‘झाला जाम!’ एवढेंच म्हणतात आणि विड्याची तयारी करतात.

हें जाम होणें म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न त्या वेळीं कोणाला पडत नाहीं. परंतु तो विचारण्याजोगा आहे. कारण भाताचा हलर, खोबऱ्याचें तेल काढण्याची यांत्रिक घाणी आणि अमेरिकेंत मराठी कुटुंबांच्या परसांतही आतां दिसूं लागलेली पेलेट-शेगडी, ह्या तीन अगदीं निराळ्या यंत्रांच्या पोटांत एकच अवयव काम करतो, आणि तिघांनाही होणारा आजार बहुतेक एकच असतो. तो अवयव म्हणजे नळीच्या आंत फिरणारा मळसूत्री दांडा.

मळसूत्र घरांत नवें नाहीं. चकलीच्या पितळी सोऱ्याचा दांडा मळसूत्रीच असतो. मूठ फिरवली म्हणजे दांडा स्वतः खालीं उतरतो आणि पिठाला दाबतो. येथें ज्याचा विचार करावयाचा त्या मळसूत्राची रीत मात्र ह्याच्या उलट आहे. टेबलाच्या कडेला बसवण्याचें, खिमा करण्याचें बिडाचें यंत्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना ती चटकन् ध्यानांत येईल. त्यांतला दांडा जागा सोडीत नाहीं. तो नुसता स्वतःभोंवतीं फिरतो, आणि त्याच्या पानांमध्यें सांपडलेला माल पुढें पुढें सरकतो. ही युक्ति फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत सिराक्यूज नगरींत होऊन गेलेल्या आर्किमिडीझ ह्या गणितज्ञाचें नांव तिला चिकटलें आहे. नाईल नदीचें पाणी शेतांत चढवण्यासाठीं तिचा उपयोग होत असे, आणि रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस ह्यानें असा पाणी उपसण्याचा स्क्रू कसा करावा तें आपल्या ग्रंथांत सविस्तर सांगून ठेवलें आहे. धान्य आणि पीठ सरकवण्यासाठीं मळसूत्राला जुंपण्याचें श्रेय बरेंचसें अमेरिकेच्या ऑलिव्हर इव्हान्स ह्याला दिलें जातें. १७८० नंतरच्या दशकांत त्यानें अशी पिठाची गिरणी उभी केली कीं, तींत धान्य ओतल्यापासून पीठ निघेपर्यंत माणसाला ओझें उचलावें लागत नसे.

आतां फिरणारा दांडा माल पुढें कां ढकलतो? वरवर पाहतां ह्याचें उत्तर सोपें वाटतें, पण गोम येथेंच आहे. एक लांब बोल्ट घ्यावा आणि त्यावर नट चढवावा. नट दोन बोटांनीं घट्ट धरून बोल्ट फिरवला, तर नट बोल्टावरून पुढें सरकत जातो. नट मोकळा सोडून बोल्ट फिरवला, तर नटही त्याच्याबरोबर गरगर फिरतो आणि तसूभरही पुढें जात नाहीं. नळींतला माल हा असाच एक नट आहे. त्याला धरून ठेवणारीं बोटें म्हणजे नळीची भिंत आणि मालाचें स्वतःचें वजन. माल दांड्यावरून घसरावा आणि भिंतीला थोडा अडावा, म्हणजे तो सरकतो. हेंच प्रमाण उलटलें, माल ओला होऊन दांड्याच्या पानांना चिकटला, कीं दांडा आणि माल एकजीव होऊन फिरूं लागतात. पुढें कांहीं जात नाहीं आणि मागून मात्र भर पडत राहते. मग मागचा माल पुढच्याला रेटतो, पोकळी भरून येते, भुसा दाबला जाऊन फुगतो आणि शेवटीं भिंत व दांडा ह्या दोघांच्या मधें पाचरीसारखा घट्ट बसतो. यंत्र अडतें तें ह्या क्षणीं. गिरणीवाल्यानें आपल्या दांड्याचीं पानें घांसून घांसून आरशासारखीं गुळगुळीत ठेवलेलीं असतात, तीं शोभेसाठीं नव्हेत.

हलर आणि तेलाची घाणी ह्यांच्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांत माल नुसता वाहून न्यायचा नसतो, तर मुद्दाम दाबायचा असतो. हलरच्या बिडाच्या रुळावर आरंभीं मळसूत्री आणि पुढें सरळ अशा कंगोऱ्या असतात. मळसूत्री भाग भात आंत ओढतो, सरळ भाग तें एकमेकांवर घांसतो, पोलादी पट्टी त्याला आडवी येते, आणि सुटलेला कोंडा खालच्या जाळींतून गळतो. ह्या यंत्राचा मूळ कर्ता एंगेलबर्ग हा ब्राझीलचा. त्याची योजना १८८५ च्या सुमाराची. तें यंत्र तयार करणारी कंपनी अमेरिकेंतील ज्या गांवीं निघाली त्या गांवाचें नांवही योगायोगानें सिराक्यूजच होतें. घाणीची गोष्ट आणखी नाजूक आहे. क्लीव्हलंडच्या अँडरसन ह्यानें १९०० सालीं जो अखंड चालणारा तेलाचा दाबयंत्र तयार केला, त्यांत खोबरें जसजसें पुढें जातें तसतशी जागा अरुंद होत जाते. म्हणजे असें यंत्र सदैव जाम होण्याच्या उंबरठ्यावरच चालतें, आणि तेल निघतें तेंही त्याच उंबरठ्यावर. खोबऱ्यांत सुमारें ६ टक्क्यांहून फार ओल राहिली कीं लगदा होतो आणि उंबरठा ओलांडला जातो. भातालाही तसेंच आहे. भरडतेवेळीं १४ टक्क्यांच्या आसपास ओल असावी असें धान्यशास्त्रज्ञ सांगतात.

पेलेट-शेगडीचें मळसूत्र ह्या मानानें फारच निरुपद्रवी. त्याला दाबायचें नसतें, फक्त सरपण भरवायचें असतें. ही शेगडी म्हणजे काय तें थोडक्यांत असें. लाकूड कापण्याच्या कारखान्यांतला भुसा कोरडा करून प्रचंड दाबानें पोलादी भोंकांतून काढतात. दाबानें आणि उष्णतेनें लाकडांतलाच लिग्निन नांवाचा पदार्थ मऊ होतो व थंड होतांना गोंदासारखा भुशाला बांधून ठेवतो. निराळी खळ घालावी लागत नाहीं. अशा रीतीनें सुमारें ६ मिलिमीटर जाडीच्या, पेराएवढ्या लांब, गुळगुळीत कांड्या तयार होतात. त्याच पेलेट. १९७३ च्या तेलटंचाईनंतर घरें ऊबदार ठेवण्यासाठीं त्यांचा प्रसार झाला, आणि ओरेगन प्रांतांतील माउंट एंजल ह्या गांवच्या जो ट्रेगर ह्यानें १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांवर चालणारी भाजण्याची शेगडी तयार करून १९८६ सालीं तिचें पेटंट मिळवलें. बाजूच्या पेटींत पेलेट भरावयाचे. खालून एक सावकाश चालणारी विजेची मोटर मळसूत्राला मिनिटाला दोन-चार फेरे देते. पेलेट एकेक करून विस्तवाच्या वाटींत पडतात. तापलेली सळई त्यांना पेटवते आणि लहानसा पंखा वारा घालतो. उष्णता किती हवी तें ठरवून दिलें कीं मळसूत्र तितकेंच सरपण घालतें. सुनेला चुलीपाशीं बसून फुंकणी धरावी लागत नाहीं, हा तिचा खरा गुण.

समजा, परदेशीं राहणाऱ्या मुलानें अशी एखादी शेगडी देवगडच्या घरीं पाठवली. पापलेट आणि सुरमई तिच्यावर उत्तम भाजली जाईल ह्यांत शंका नाहीं. परंतु शेगडी अमेरिकेची असेल, तर पहिली अडचण विजेची. तेथील वीज १२० व्होल्टची व सेकंदाला ६० आवर्तनांची, येथील २३० व्होल्टची व ५० आवर्तनांची. मधें ट्रान्सफॉर्मर न घालतां जोडल्यास मोटर जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर घालूनही ती मूळच्यापेक्षां कांहींशी मंदच फिरण्याचा संभव राहतो. दुसरी अडचण पावसाळ्याची, आणि ती पहिलीहून अधिक चिवट आहे. लाकूड हा पदार्थ हवेशीं सतत देवाणघेवाण करीत असतो. हवेंतील आर्द्रता शंभरांत नव्वदांच्या घरांत गेली, कीं उघडें ठेवलेलें लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० टक्के पाणी हवेंतूनच ओढून घेतें. चांगल्या पेलेटांत ही ओल १० टक्क्यांच्या आंत असावी लागते. म्हणजे थेंबभर पाणी न पडतांही, आषाढांत पेटींत राहून गेलेले पेलेट फुगतात, त्यांची चकाकी जाते, आणि बोटांत चुरडले तर पुन्हां भुसा होतो. हा भुसा मळसूत्रानें दाबला, विस्तवाच्या जवळच्या टोकाला तो शेकला गेला, आणि शेगडी विझल्यावर थंड झाला, कीं नळींत लाकडाचा नवाच ठोकळा तयार होतो. माणसानें कारखान्यांत जें केलें तेंच नळींत आपोआप घडतें. फरक इतकाच कीं, ह्या वेळीं दांडा आंत चिणला गेलेला असतो.

दुखणें ओळखणें हें अर्धें काम. विस्तव मंदावला, पेटी भरलेली आहे आणि वाटींत पेलेट पडत नाहींत, एवढ्यावरून मळसूत्र अडलें असें म्हणूं नये. कधीं कधीं पेटींतल्या पेलेटांची कमान होऊन खालीं पोकळी राहते. हात घालून ढवळलें कीं काम होतें. (हात घालण्यापूर्वीं वीज बंद पाहिजे, हें वेगळें सांगावयास नको, पण गिरण्यांतून बोटें गेलेलीं माणसें कोंकणांत दुर्मिळ नाहींत, म्हणून सांगितलेलें बरें.) कमान नसेल तर मोटरीकडे कान द्यावा. ती नुसती गुणगुणते आणि दांडा हलत नाहीं, तर दांडा अडला आहे. तिचा आंस मजेंत फिरतो आणि दांडा मात्र स्थिर, तर दोघांना जोडणारा लहान खिळा तुटला आहे. आवाजच नाहीं, तर तक्रार विजेची किंवा मोटरीची. खिळा तुटला म्हणून हळहळूं नये. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, आणि दांडा अडतांच आपण तुटून मोटरीचे दांते वांचवणें हेंच त्याचें काम. त्याच्या जागीं हाताशीं आलेला कडक पोलादी बोल्ट ठोकणारे महाभाग असतात. पुढच्या वेळीं खिळा तुटत नाहीं, दांतेच झडतात.

दुरुस्तीला आरंभ करण्यापूर्वीं धीर धरावा. अडलेल्या नळीच्या टोकाशीं विस्तव असेल, तर तो नळींतून मागें पेटीकडे सरपटण्याची भीति असते. म्हणून विस्तव पूर्ण विझूं द्यावा, आणि शेगडी हाताला गार लागल्यावरच प्लग काढून ठेवावा. बटण पुन्हां पुन्हां दाबून मोटरीला धक्के देत राहणें हा सर्वांत वाईट उपाय होय. पाणी तर मुळींच ओतूं नये. नळीखालीं विजेच्या तारा असतात, आणि आंतला ठोकळा पाण्यानें आणखी फुगतो. रॉकेल किंवा वंगण आंत सोडण्याचा मोह तितकाच वाईट, कारण त्याच नळीच्या तोंडाशीं उद्यां विस्तव पेटवावयाचा आहे आणि त्याच धुरावर मासळी भाजावयाची आहे.

पेटींतले पेलेट उपसून काढावे. जाळ्या, तेल झेलणारी तबकडी, विस्तवावरचा पत्रा आणि शेवटीं विस्तवाची वाटी अशा क्रमानें आंतील भाग सोडवून घ्यावे, म्हणजे नळीचें तोंड दिसतें. तोंडाशीं जमलेली राख व खपली लाकडी काडीनें खरवडून काढावी. मग मागच्या बाजूला जाऊन, दांडा आणि मोटर ह्यांना जोडणारा खिळा काढावा व मोटर सोडवून बाजूला ठेवावी. आतां दांड्याचें उघडें टोक पाइप-पान्यानें धरून तो उलट्या दिशेनें फिरवावा. उलट्या दिशेनें कां? सुलट फिरवल्यास ठोकळा अधिकच दाबला जातो. उलट फिरवल्यास तो ज्या पोकळींतून आला तिकडे मोकळा होण्यास वाव मिळतो. एकदम जोर न लावतां, पाव फेरा उलट, थोडा सुलट, पुन्हां उलट असें करीत राहावें. एखादे वेळीं अर्धा तासही लागतो. आंतून कुरकुर ऐकूं आली आणि तोंडाशीं भुसा गळूं लागला, म्हणजे काम होत आलें असें समजावें. दांडा मोकळा झाला कीं त्याला धरून ठेवणाऱ्या बुशाचा स्क्रू काढून तो सबंध बाहेर ओढावा. पुष्कळ जण ह्याच ठिकाणीं आळस करतात. दांडा फिरूं लागला, एवढ्यावर समाधान मानून सर्व परत जोडतात, आणि नळीच्या भिंतीला चिकटून राहिलेली खपली आठ दिवसांत पुन्हां तोच प्रसंग आणते.

बाहेर काढलेल्या दांड्यावरची खपली सुटत नसेल, तर ह्या सुट्या दांड्याला गरम पाण्यांत भिजवण्यास हरकत नाहीं. भुसा मऊ होऊन निघतो. नंतर तो पुसून उन्हांत, ऊन नसेल तर चुलीच्या उबेला, खडखडीत वाळवावा. देवगडसारख्या ठिकाणीं येथें गंज दिसण्याचा संभव मोठा. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड किती लौकर खातें हें बंदरावरील कोणाही होडीवाल्यास विचारावें. गंजलेलें पान खरखरीत होतें, आणि खरखरीत पानाला भुसा चिकटतो. म्हणजे पुन्हां तोच नट मोकळा सुटल्याचा प्रकार. बारीक पॉलिश-कागदानें पानें गुळगुळीत होईपर्यंत घांसावीं. रंग लावूं नये. नळी आंतून कोरड्या कापडानें पुसावी, एखादा खडा किंवा खिळा राहिला आहे का तें विजेरीनें पाहावें.

मग सर्व उलट क्रमानें जोडावें. खिळा नवा असल्यास मूळच्याच मापाचा व मऊ धातूचा घालावा. पेटी रिकामी ठेवूनच मोटर चालवावी आणि दांडा लंगडत नाहीं ना तें पाहावें. त्यानंतर मूठभर कोरडे पेलेट टाकावे. ते दुसऱ्या टोकाशीं वाटींत पडल्याचा टपटप आवाज येईपर्यंत थांबावें. हे पडलेले पेलेट पेटवण्यापूर्वीं उपसून टाकावे, हें विसरूं नये. वाटींत ढीग तसाच राहिला आणि सळई तापली, तर आधीं दाट धूर कोंडतो आणि मग झांकणाखालीं एकदम भडका होतो. पहिला विस्तव झांकण उघडें ठेवून, आणि घराबाहेर, पेटवावा. पडवींत पावसाचा झोत येतो म्हणून शेगडी माजघरांत आणून पेटवण्याचा विचार कोणी करील. तो करूं नये. कोंडलेल्या जागेंत अर्धवट जळणाऱ्या लाकडाचा वायु डोळ्यांना दिसत नाहीं आणि नाकालाही कळत नाहीं. त्यानें माणसें झोपेंतच दगावतात.

मृगापूर्वीं पेटी रिकामी करून, मळसूत्र कोरडें चालवून, नळींतला शेवटचा पेलेट बाहेर पाडून ठेवला, तर ह्यांतील बहुतेक खटाटोप वांचतो. पेलेटांची पिशवी फोडल्यावर ते घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावे. त्याच डब्यांत, ज्यांत पूर्वीं पोहे आणि सुकी मासळी पावसाळ्यापुरतीं राखलीं जात. वापरण्यापूर्वीं एक पेलेट दोन बोटांत मोडून पाहावा. कट् असा आवाज होऊन तुटला तर तो कोरडा. आवाज न होतां वाकून चुरला तर सगळा डबाच संशयित.

देवगडच्या गिरणीवाल्याला ही परीक्षा कोणी शिकवावी लागत नाहीं. श्रावणांत पोतें आलें कीं तो त्यांतला एक दाणा दाढेखालीं धरतो. दाणा कट्‌कन् फुटला तर पोतें ओळींत लागतें. नुसता चेपला गेला, तर तो मालकाकडे पाहून मान हलवतो, आणि तें पोतें उबदार माळ्यावर पसरण्यासाठीं आल्या पावलीं घरीं परत जातें.